पीक संरक्षणाच्या बंदुकीचा स्क्रू : नवा कसा शोधावा?

(नवी मुंबई परिसरातील भात, वाल व भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येच्या व्याख्यात्याने बंदुकीच्या स्क्रूवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु भाताचे दाणे दुधात आले, की रानडुकरे खाचरात उतरतात. भातामागून पेरलेल्या वालाच्या शेंगा भरू लागल्या, की माकडे आणि वानरे येतात. बियाणे, खत आणि मजुरी यांवर केलेला सगळा खर्च एका रात्रीत मातीमोल होतो. म्हणूनच कोकणात कित्येक घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पीक संरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. बी-बियाण्यांविषयी आपण मला जितके प्रश्न विचारता, तितकेच प्रश्न राखणीविषयीही विचारता. त्यांतलाच एक प्रश्न वरचेवर येतो. तो असा : “सर, बंदूक जुनी आहे, स्क्रू पडला आहे किंवा त्याचे आटे गेले आहेत. नवा कुठे मिळेल?”

हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. स्क्रू बोटाच्या पेराएवढा असतो. पण त्याच्या जोरावर नळी लाकडाला धरून राहते. तो ढिला असेल, तर बारीचा धक्का चुकीच्या जागी बसतो, दस्ता चिरतो आणि गाल किंवा खांदा जायबंदी होऊ शकतो. चापाजवळचा स्क्रू चुकीच्या लांबीचा बसला, तर चाप अडकतो किंवा नको तेव्हा सुटतो. आणि स्क्रू मिळवण्याच्या खटपटीत कायद्याची चौकट ओलांडली गेली, तर पीक बाजूलाच राहते आणि कोर्टाच्या फेऱ्या मागे लागतात. म्हणून आज आपण चार गोष्टी क्रमाने पाहू : कायदा काय सांगतो, स्क्रू ओळखावा कसा, तो मिळवावा कुठून आणि बसविताना काळजी कोणती घ्यावी. ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांनीही ऐकावे. फवारणी पंप, डिझेल इंजिन आणि मळणी यंत्राचा स्क्रू शोधण्याची रीतही हीच आहे.

प्रथम परवाना पाहा

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्याची ही गरज कायद्याने मान्य केलेली आहे. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘बंदूक’ या शब्दात बंदुकीचे सुटे भागही येतात. तसेच कलम 5 नुसार बंदुका तयार करणे, विकणे आणि दुरुस्त करणे यासाठी वेगळा परवाना लागतो. आपला परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. गावातल्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे दुरुस्तीचा परवाना नसतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीच्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची कैद सांगितलेली आहे. ओळखीचा टर्नर “आणा, दहा मिनिटांत वळून देतो” असे प्रेमाने म्हणेल, पण त्यात तोही अडकेल आणि आपणही.

काहीजण विचारतात, की किरकोळ सुट्या भागांना कायद्यात सूट आहे ना? सूट आहे, पण तिला अट आहे. तो भाग बंदुकीच्या इतर भागांबरोबर जोडून वापरण्याचा उद्देश नसेल, तरच ती सूट मिळते. आपला स्क्रू तर बंदुकीत बसविण्यासाठीच हवा आहे. त्यामुळे या सुटीच्या भरवशावर राहू नये.

परवाना हातात घेऊन पुढील बाबी तपासाव्यात :

1. परवाना कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरची बंदूक त्यांच्या पश्चात आपोआप मुलाची होत नाही. वारसाने स्वतःच्या नावे परवाना घ्यावा लागतो. तो होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी.

2. मुदत संपली आहे का? 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली. मात्र आपल्या परवान्यावर जी तारीख लिहिली असेल तीच खरी मानावी.

3. परवान्यावर युनिक ओळख क्रमांक आहे का? नसेल, तर दुरुस्तीआधी ते काम उरकावे.

4. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे? हे फार महत्त्वाचे आहे. तो एखाद्या जिल्ह्यापुरताच असेल आणि दुरुस्ती करणारा मुंबईत असेल, तर बंदूक तेथे नेण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

5. नळीवरचा क्रमांक व परवान्यावरचा क्रमांक जुळतो का?

नवी मुंबई परिसरात आणखी एक घोटाळा होतो. पनवेल आणि उरण तालुके रायगड जिल्ह्यात आहेत, म्हणून शेतकरी सवयीने अलिबागची वाट धरतात. परंतु नवी मुंबई पोलीस आयुक्तालय 1994 मध्ये सुरू झाले आणि जेथे पोलीस आयुक्त आहेत, तेथे शस्त्र कायद्यापुरते जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्तच. आपले गाव आयुक्तालयाच्या हद्दीत असेल, तर काम बेलापूरच्या आयुक्त कार्यालयात होते. हद्दीबाहेर असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात. काही घरांतल्या जुन्या कागदांवर ‘कुलाबा जिल्हा’ असे आढळते. 1981 मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याआधीचे ते कागद होत. ते टाकून देऊ नयेत. बंदुकीचा इतिहास सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.

बंदूक रिकामी आहे, याची खात्री

स्क्रूला हात लावण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे हे पाहावे. “रिकामीच आहे” हे वाक्य कोणाचेही खरे मानू नये, स्वतःचेसुद्धा.

काडतुसाची बंदूक उघडून कोठी डोळ्यांनी पाहावी. रायफल असेल, तर बोल्ट मागे ओढून कोठी व मॅगझीन दोन्ही तपासावीत. ठासणीच्या बंदुकीत मात्र फसगत होते. तिच्यात भरलेली दारू बाहेरून दिसत नाही आणि वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. अगोदर निपलवरची टोपी काढावी. मग नळीचे तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे न करता गज अलगद नळीत सोडावा आणि तोंडापाशी गजावर खूण करावी. नंतर तोच गज नळीच्या बाहेरून तेवढाच लावून पाहावा. त्याचे टोक निपलच्या जागेपर्यंत पोहोचले, तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे राहिले, तर आत बार आहे असे समजावे आणि पुढचे काम थांबवावे. तो बार काढण्याचे कामही परवानाधारक कारागिराचेच आहे.

कोणता स्क्रू, कोणते काम

आपल्याकडे साधारण तीन प्रकारच्या बंदुका आढळतात.

ठासणीची बंदूक : यात नळीच्या मागच्या शेपटीतून लाकडात जाणारा एक स्क्रू असतो. घोडा व कमान ज्या पाटीवर बसतात, ते लॉक धरण्यासाठी दुसऱ्या बाजूने आरपार येणारे एक किंवा दोन स्क्रू असतात. चापाची कडी बहुधा साध्या लाकडी स्क्रूंनी बसविलेली असते. लॉकच्या आतील लहान स्क्रू कमान व घोडा यांना धरतात. त्यांना घरी हात लावू नये. निपल हाही आट्यांचाच भाग आहे. त्याचे आटे झिजले, तर बार उडताना निपल मागे, म्हणजे आपल्या चेहऱ्याकडे उडू शकते.

12 बोअरची काडतुसाची बंदूक : हिच्यात चापाची पाटी धरणारे स्क्रू, मागच्या पट्टीचा स्क्रू आणि पुढच्या लाकडातील लोखंडाचे स्क्रू असतात. काही बंदुकांत दस्त्याच्या पोटातून जाणारा लांब बोल्ट असतो, तो दस्त्याच्या टाचेची पट्टी काढल्यावर दिसतो.

.315 रायफल : ब्रिटिश अमदानीत लष्कराच्या .303 मापाची रायफल खाजगी हातांत नको, म्हणून हिंदुस्थानात .315 हे माप रूढ झाले. पुढे पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याने या मापाची रायफल तयार केली. तिची ठेवण ली-एन्फिल्ड या लष्करी रायफलीची आहे. या ठेवणीत चापाच्या कडीला पुढे एक व मागे एक असे दोन स्क्रू असतात. रायफलीचे लोखंडी अंग आणि पुढचे लाकूड यांना तेच बांधून ठेवतात. पुढच्या स्क्रूभोवती एक लहान भुंगळी असते. स्क्रू आवळताना लाकूड चिरडू नये, म्हणून ती असते. स्क्रू बदलताना ही भुंगळी हरवली, तर नवा स्क्रू कितीही चांगला असला तरी लाकूड दबत जाते आणि पकड पुन्हा ढिली होते.

याच रायफलीत दस्ता धरणारा बोल्ट दस्त्याच्या पोटात असतो. दस्ता हलू लागला, की लांब पेचकस घालून तो फिरवण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता बोल्ट फिरवला, की ते लाकूड मागच्या बाजूने फाटते. पन्नास वर्षे टिकलेले लाकूड अर्ध्या फेऱ्यात जाते.

आटे ओळखणे

आता मुख्य मुद्दा. दोन स्क्रू जाडीला सारखे दिसले, तरी ते एकमेकांच्या जागी चालतीलच असे नाही. आट्यांची ओळख तीन गोष्टींवरून होते : स्क्रूचा व्यास, दोन आट्यांमधील अंतर आणि आट्याचा कोन.

इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे पहिले सर्वमान्य माप मांडले. त्याचा कोन 55 अंश. बारीक स्क्रूंसाठी पुढे ‘बी. ए.’ हे माप आले, त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आजच्या मेट्रिक स्क्रूचा कोन 60 अंश. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्ये झाला, पण घराघरांतल्या जुन्या बंदुका व यंत्रे इंची मापांचीच राहिली. शिवाय एन्फिल्डच्या कारखान्याने काही स्क्रूंसाठी स्वतःचे वेगळेच आटे ठेवले होते. त्यामुळे ली-एन्फिल्ड ठेवणीच्या रायफलीचा स्क्रू बाजारातल्या कोणत्याच डब्यात सापडत नाही, यात दुकानदाराचा दोष नसतो.

फसगत कशी होते, ते पुढील मापांवरून ध्यानात येईल :

• पाव इंची व्हिटवर्थ : व्यास 6.35 मि.मी., एका इंचात 20 आटे, म्हणजे दोन आट्यांत 1.27 मि.मी. अंतर.

• 0 बी. ए. : व्यास 6 मि.मी., अंतर 1 मि.मी., कोन साडेसत्तेचाळीस अंश.

• 6 मि.मी. मेट्रिक : व्यास 6 मि.मी., अंतर 1 मि.मी., कोन 60 अंश.

• 3/16 इंची व्हिटवर्थ : व्यास 4.76 मि.मी., एका इंचात 24 आटे, अंतर सुमारे 1.06 मि.मी.

• 2 बी. ए. : व्यास 4.7 मि.मी., अंतर 0.81 मि.मी.

• 5 मि.मी. मेट्रिक : व्यास 5 मि.मी., अंतर 0.8 मि.मी.

दुसरे आणि तिसरे माप ताडून पाहा. व्यास तोच, अंतर तेच. फरक फक्त कोनाचा. म्हणून सायकलच्या दुकानातला 6 मि.मी. स्क्रू जुन्या 0 बी. ए. च्या भोकात दोन-तीन फेरे जातो आणि मग आवळतो. आपल्याला वाटते, बसला. प्रत्यक्षात तो आतले आटे कापत चाललेला असतो. स्क्रू दोन रुपयांचा असतो, पण भोक बंदुकीच्या अंगातले असते आणि ते पुन्हा मिळत नाही. नियम साधा ठेवावा : योग्य स्क्रू बोटांनी बहुतेक आत गेला पाहिजे, पेचकस शेवटच्या आवळणीपुरताच लागला पाहिजे. मध्येच अडला, तर थांबावे.

माप घेण्याची रीत अशी :

1. जुना स्क्रू, तुटलेला असला तरी त्याचे सगळे तुकडे, रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करावेत.

2. व्हर्निअर कॅलिपरने आट्यांच्या माथ्यावरचा व्यास घ्यावा. झिजलेल्या टोकावर मोजू नये, डोक्याजवळ मोजावे.

3. आटे मोजण्याची पाती, म्हणजे पिच गेज, लावून पाहावे. पाते आट्यांत बसल्यावर उजेडाकडे धरावे. फट दिसली, तर ते माप नव्हे. पाती नसतील, तर पट्टीवर स्क्रू ठेवून पाव इंचातले आटे मोजावेत व चारने गुणावे.

4. लांबी मोजताना डोके सपाट आणि भोकात बुडणारे असेल, तर डोक्यासह मोजावे. डोके गोल व वर राहणारे असेल, तर डोक्याखालून मोजावे.

5. आटे नसलेला भाग किती, डोक्याचा व्यास किती, खाच किती रुंद, टोक सपाट की निमुळते, हे सगळे कागदावर आकृती काढून लिहावे.

शक्य असल्यास स्क्रूचा पट्टीसह फोटो काढावा. हा कागद परवान्याच्या प्रतीबरोबर जपून ठेवावा. पुढच्या पिढीला तो कामी येईल.

स्क्रू मिळवावा कुठून?

पहिली पायरी म्हणजे बंदूक न हलवता चौकशी. आकृती, फोटो आणि परवान्याची प्रत घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जावे. आपल्या भागात असा परवानाधारक कोण आहे, हे परवाना देणाऱ्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात विचारावे. ऐकीव नावावर जाऊ नये; दुकानात लावलेला परवाना डोळ्यांनी वाचावा आणि त्यात ‘दुरुस्ती’ लिहिले आहे ना, ते पाहावे. काहींना केवळ विक्रीचाच परवाना असतो.

जुने विक्रेते मोडीत निघालेल्या बंदुकांचे भाग नोंद करून बाळगतात. त्यांत आपला स्क्रू निघण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण आटे मूळचेच असतात. तो नसेल, तर परवानाधारक कारागीर आपल्या मापाचा स्क्रू वळून देऊ शकतो. भारतीय कारखान्याची रायफल असेल, तर विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे मागणी करता येते. येथे एक बदल लक्षात घ्यावा. 1 ऑक्टोबर 2021 पासून जुने आयुध निर्माणी मंडळ राहिलेले नाही. त्याच्या सात कंपन्या झाल्या. इशापूरचा रायफल कारखाना आता कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे आहे. जुन्या पत्त्यावर, जुन्या नावाने पत्रे पाठवून उत्तराची वाट पाहण्यात हंगाम जातो.

बंदूक प्रत्यक्ष न्यावीच लागली, तर ती रिकामी, बंद आवरणात आणि मूळ परवान्यासह न्यावी. दारूगोळा बरोबर घेऊ नये. बंदूक ठेवून यायची असेल, तर क्रमांकासह छापील पावती घ्यावी आणि विक्रेत्याच्या नोंदवहीत तोच क्रमांक लिहिला गेला आहे, हे स्वतः पाहावे. परत आणताना पुन्हा क्रमांक ताडावा.

मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने यांच्याविषयी आपण विचारता. तेथे आट्यांची पाती, चांगले पेचकस, व्हर्निअर ही हत्यारे मिळतात. फवारणी पंपाचा, इंजिनाचा, मळणी यंत्राचा इंची स्क्रू शोधायला किंवा वळून घ्यायलाही तो मुलूख उत्तम आहे. दस्त्याच्या टाचेची पट्टी लाकडात बसविणारे साधे लाकडी स्क्रूही कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. परंतु लोखंडात आट्यांनी बसणारा बंदुकीचा स्क्रू मात्र परवानाधारकाकडूनच घ्यावा.

काढताना आणि बसविताना

खाचा खराब होण्याचे पहिले कारण पेचकस. घरातला पेचकस टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो. तो खाचेच्या फक्त वरच्या कडांवर दाबतो, मग घसरतो आणि कडा उडतात. पेचकसाचे टोक दोन्ही बाजूंनी समांतर हवे, खाचेच्या तळाशी टेकणारे व खाचेच्या रुंदीइतके हवे. एखादा जुना पेचकस कानशीने असा करून फक्त याच कामासाठी ठेवावा.

स्क्रू गंजून धरला असेल, तर त्याच्याभोवती पातळ तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी. दुसऱ्या दिवशी प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा, मग सोडवावा. गंजाची पकड अशाने सुटते. हातोडीचे घाव घालू नयेत आणि ज्योतीवर तापवू नये. तरीही निघाला नाही, तर काम कारागिरावर सोपवावे. अर्धवट तुटलेला स्क्रू काढण्याचे काम नवा बसविण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

गंज घासताना एक पथ्य पाळावे. नळीवरचा किंवा अंगावरचा क्रमांक, नाव वा खूण यांवरून पॉलिश पेपर फिरवू नये. क्रमांक पुसणे हा कलम 8 नुसार गुन्हा आहे. आपण गंज काढत होतो, हे नंतर कोणाला पटवून देणार?

आपल्या हवामानाचाही विचार करावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुलैमध्ये घट्ट आवळलेला स्क्रू मे महिन्यात ढिला वाटतो. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, स्क्रूंची तपासणी करावी. लोखंडावर तेलाचा पातळ हात फिरवावा, पण लाकडात तेल मुरू देऊ नये. तेल प्यालेले लाकूड मऊ पडते आणि त्यात स्क्रू धरत नाही. बंदूक भिंतीला टेकवून ठेवताना तेल दस्त्याकडे ओघळते, हेही याचे एक कारण आहे.

निवडणुकीच्या काळात परवाना देणाऱ्या कार्यालयाचा आदेश आला, तर बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आठ महिन्यांच्या आत झाल्या. जमा करण्यापूर्वी बंदुकीला तेलाचा हात द्यावा, सर्व स्क्रू जागेवर असल्याचे पाहावे आणि पावतीवर तसा शेरा लिहून देण्याची विनंती करावी. परत घेताना तेथेच तपासावे. घरी आल्यावर स्क्रू नसल्याचे ध्यानात आले, तर तो कुठे पडला हे सांगणे कठीण जाते.

स्क्रू मिळालाच नाही तर?

अशा वेळी तार गुंडाळून, खिळा ठोकून किंवा काडी खुपसून बंदूक चालवू नये. जी बंदूक मजबूत जोडलेली नाही, तिच्यातून बार काढणे म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांशी खेळणे होय. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. शोध चालू ठेवावा, पण बंदूक बंद ठेवावी.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले. आज अनेकांच्या खाचराच्या बांधापलीकडे इमारत आहे, रस्ता आहे, मजुरांची वस्ती आहे. रायफलीची गोळी एक किलोमीटरच्याही पुढे जाते, ती बांधावर थांबत नाही. शिवाय परवाना आहे म्हणून जनावर मारता येते, असेही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 2022 साली सुधारणा झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झाल्यास कलम 11 प्रमाणे वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना मारलेले डुक्कर नुकसानीपेक्षा महाग पडते.

म्हणून राखणीचा सगळा भार बंदुकीवर टाकू नये. पीक दुधात असतानाचे दिवस आधीच ठरवून शेजाऱ्यांनी पाळीपाळीने माळ्यावर जागावे. शेजारच्या खाचरांत एकाच मुदतीचे वाण लावावे, म्हणजे राखणीचे दिवसही एकच येतात आणि मागे राहिलेल्या एकट्या खाचरावर कळप तुटून पडत नाही. शक्य तेथे सौर कुंपण सामुदायिकपणे करावे. घरातली वीज थेट तारेत सोडण्याचा प्रकार मात्र कोणीही करू नये. त्यात डुकराआधी माणूस मरतो. नुकसान झालेच, तर पीक न हलवता फोटो काढावेत आणि विलंब न लावता वन खात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा.

थोडक्यात सांगायचे, तर परवाना तपासा, बंदूक रिकामी करा, माप लिहून काढा, परवानाधारकाकडे जा, बोटांनी न जाणारा स्क्रू जबरदस्तीने बसवू नका. आणि जोपर्यंत योग्य स्क्रू बसत नाही, तोपर्यंत बंदूक खुंटीवरही नको, कुलपात ठेवा.

आपले काही प्रश्न असतील, तर जरूर विचारावेत.